ॲव्हरेज किती पडतं?

पहाटे 4.00. चंदगडपासून आत एका वाडीत रताळ्यांची पोती पिकअपच्या हौद्यात चढतायत. नवरात्र तोंडावर आलंय, बेळगावच्या मार्केटात उपवासाच्या रताळ्याला मागणी आहे, आणि सौदा गाठायचा तर अंधारातच निघायला हवं. रात्री पाऊस झालेला, त्यामुळे मालाला तांबडी माती चिकटून आहे. ड्रायव्हर एक पोतं उचलून बघतो. "मामा, शेतातली मातीपण माझ्याच गाडीतनं बेळगावला चाललीय म्हणायची." मामा हसतात. भाडं पोत्यावर ठरलंय, मातीचं वेगळं मिळत नाही.

4.45. मागच्या चाकांची हवा बघणं. भरलेल्या गाडीला किती आणि रिकामीला किती, हे कंपनीने लिहून दिलेलं असतं, वाचतं कोण? हवा कमी असली की टायर दबतो, प्रत्येक फेऱ्याला रबर वाकतं आणि सरळ होतं, इंजिनाची ताकद तिथं नुसती उष्णता होऊन जाते. हवा नीट ठेवली की ॲव्हरेज फुकटात वाढतं.

5.15. हलकर्णी फाटा, पाटणे फाटा, शिनोळी. काटा 50 च्या आसपास. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघाची, म्हणजे पीसीआरएची, जुनी शिफारस 45 ते 55 चीच आहे. मागून एक पिकअप हॉर्न वाजवत पुढे निघून जाते. तिचा लोखंडी सांगाडा केबिनपेक्षा हातभर उंच, वर ताडपत्री फुगून फडफडतेय. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 50 वरून 80 वर गेलं की तो अडीच पट होतो. उंच सांगाडा आणि सैल ताडपत्री त्यात भर घालतात. आपल्या ड्रायव्हरने निघतानाच ताडपत्रीची दोरी ओढून बांधलीय. पाटणे फाट्यावर चहाला थांबला की ती मघाची गाडी तिथंच उभी दिसते.

7.30. बेळगाव, मार्केट यार्ड. उतरवणीची रांग. पुढच्या तिघांची इंजिनं नुसतीच धडधडतायत. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य, एवढं साधं गणित. पण बंद केली तर पुन्हा सुरू करायला जास्त डिझेल लागतं ही समजूत काही जात नाही. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनी शिकवलेली सवय असावी.

9.30. माल उतरवून एका गॅरेजात ग्रीसिंग. इथं गाड्यांना काय काय लावतात ते बघण्यासारखं. मागे एक जादा पाटा घालून घेतला की गाडी ओव्हरलोडला बसत नाही. मात्र त्या पाट्याचा बोजा रिकामी असतानाही वाहायचा, आणि खड्ड्यात गाडी उड्या मारते ती वेगळीच. मोठे टायर टाकले तर गंमत होते. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मीटर मात्र कमी मोजतो, आणि मालक बोंबलतो की ॲव्हरेज घसरलं. थोडं खरंच घसरलेलं असतं, थोडं मीटरने खाल्लेलं असतं. टपावरचं कॅरिअर, लाइटांची माळ, केबिनमधला मोठा स्पीकर, सगळ्यांचं बिल शेवटी टाकीतूनच जातं.

"ईजीआर बंद करून देतो, गाडी पळेल," असंही कुणीतरी कानाशी सांगतंच. धुराचं प्रदूषण रोखणारी ती झडप. ती बंद करणं बेकायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आपला ड्रायव्हर एअर फिल्टर तेवढा बदलून घेतो. चंदगडच्या आतल्या रस्त्यांची तांबडी धूळ तो फार लवकर गिळतो.

11.00. रिकामं परतायचं नाही, हा त्याचा नेम. बेळगावची भाजी भरून दोडामार्गचं भाडं.

दुपारी 1.30. हेरे, मोटणवाडी मागे टाकून तिलारी घाटाच्या तोंडाशी. उतार तीव्र, वळणं अंगावर येणारी. इथं चालकांचे दोन पंथ आहेत. न्यूट्रलवाले म्हणतात, गाडी आपोआप उतरते तर डिझेल कशाला जाळायचं? आपला दुसऱ्या गिअरचा. कॉमन रेल इंजिनात गिअर टाकून पाय उचलला की डिझेल पूर्ण तुटतं, चाकंच इंजीन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजीन चालू राहायला डिझेल मागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी न्यूट्रलवाला जीव धोक्यात घालतो ती बचतच नाही, आणि वर ब्रेक तापतात ते तापतातच. हे समजावून सांगितलं तरी न्यूट्रलवाले ऐकत नाहीत, कारण त्यांना इंजिनाचा आवाज कमी झालेला ऐकू येतो.

3.00. दोडामार्गात भाजी उतरली. पलीकडे गोवा, तिथं डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त म्हणून टाकी फुल. मग नारळांची पोती.

4.30. चढ. घाटाची उंची सहाशे मीटर धरा, गाडी मालासकट तीन टन. एवढं वजन तेवढं वर उचलायचं म्हणजे, इंजिनातला वाया जाणारा भाग धरून, दीड लिटरच्या वर डिझेल नुसतं उंचीसाठी. रस्त्याचं अंतर कापण्याचं वेगळं. याच डोंगरावरून पाणी खाली सोडून तिलारीच्या वीजगृहात वीज बनते. ड्रायव्हर तीच उंची पैसे मोजून परत चढतो. युक्ती एकच: गिअर वेळेवर खाली घ्यायचा, इंजीन कण्हू द्यायचं नाही, वळणावर थांबून पुन्हा उठायची पाळी येऊ द्यायची नाही. माथ्यावर थांबला की मिनिटभर इंजीन तसंच चालू ठेवतो, टर्बो निवायला. सकाळी रांगेतल्या चालू इंजिनांना नावं ठेवली तरी हे मिनिट खरं आहे.

7.30. घरी वही. फुल टाकी ते फुल टाकी, मधले किलोमीटर, भागाकार. कंपनीच्या पत्रकातला आकडा या वहीत कधी उतरत नाही. तो आकडा ज्या रस्त्यावरचा आहे तिथं तिलारी नाही. पण वहीत त्याने आणखी एक रकाना आखलाय: माल किती होता. रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज छान पडतं आणि पदरात काही पडत नाही. भरलेल्या गाडीचं कमी पडतं, तरी पोत्यामागे डिझेल कमी जळतं. फाट्यावरच्या गप्पांत हा रकाना कुणी विचारत नाही.

8.15. फोन. उद्याचं भाडं, पुन्हा दोडामार्ग. व्यापारी किलोमीटरचा दर विचारतो.

"अण्णा, किलोमीटरचं सांगतो," तो वही पुढे ओढत म्हणतो, "पण घाटाचे वेगळे."