तेलाच्या नळांत मेण कां जमतें?

कढविलेलें तूप निवूं लागलें म्हणजे तें प्रथम भांड्याच्या कडेशीं थिजतें व मध्यभागीं बराच वेळ पातळ राहतें, हें आमच्या बालवाचकांनीं घरीं पाहिलें असेलच. जमिनीखालून खनिज तेल वाहून नेणाऱ्या लोखंडी नळांतहि असेंच घडतें.

राजस्थानांत बाडमेरजवळ इ. स. २००४ सालीं मंगला नांवाचें तेलक्षेत्र सांपडलें. तेथील तेलांत मेणाचा अंश इतका आहे कीं, सुमारें ४० अंश सेंटिग्रेडच्या खालीं तें वाहावयाचें थांबतें. हें मेण मधमाशांचें नव्हे. मेणबत्तीचें पॅराफिन म्हणतात तेंच हें.

ऊन पाण्यांत साखर विरघळावी तसें ऊन तेलांत हें मेण विरघळलेलें असतें. नळाची भिंत थंड झाली कीं तिला लागून असलेल्या तेलांत तितकें मेण मावत नाहीं, व त्याचे सूक्ष्म स्फटिक भिंतीस चिकटतात. येथवर सोपें आहे. खरी मौज पुढेंच आहे. भिंतीजवळच्या तेलांतील मेण असें कमी झालें म्हणजे मध्यभागींचे मेणाचे रेणू तिकडे सरकतात आणि तेहि तेथें थिजतात. आरंभींचा थर मऊ असतो, कारण स्फटिकांच्या जाळ्यांत पुष्कळसें तेल अडकलेलें असतें. दिवस जातील तसतसें मेण आंत शिरतें, तेल बाहेर पडतें व थर टणक होतो. मात्र जाड झालेला थर गोधडीप्रमाणें आंतील ऊब राखतो, म्हणून त्याची वाढ पुढें मंदावते.

विहिरींतून तेलाबरोबर बहुधा पाणीहि येतें. समान वजनाच्या तेलापेक्षां पाणी सुमारें दुप्पट उष्णता सांठवितें. त्यामुळें मिश्रण सावकाश निवतें. शिवाय भिंतीस जेथें पाणी लागलेलें असतें, तेथें मेण सहसा धरत नाहीं. प्रवाह मंद असल्यास जड पाणी तळाशीं राहतें, आणि थर वरच्या बाजूस बसतो. परंतु दोहोंचें दुधासारखें मिश्रण झालें तर तें दाट होऊन लोटण्यास कठीण जातें.

थर काढण्यासाठीं नळांत घट्ट बसणारें एक खरवडण्याचें साधन तेलाच्याच दाबानें पुढें ढकलतात. त्यास ‘पिग’, म्हणजे डुक्कर, असें नांव पडलें आहे! मंगलाहून गुजराथच्या किनाऱ्यापर्यंत गेलेला ६०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा नळ तर आरंभापासून शेवटपर्यंत विजेनें ऊन ठेवावा लागतो. कारण असें तेल थांबून निवलें, म्हणजे केवळ भिंतीवर थर बसत नाहीं. सारा नळच गोठतो, व तें पुन्हां हलविण्यास नेहमींपेक्षां कितीतरी अधिक दाब लागतो.