फुप्फुस कर्करोगाचे अस्थिप्रक्षेप

फुप्फुसातील मारक अर्बुदाच्या कोशिका मूळ जागेपासून सुटून रक्तप्रवाहाद्वारे अस्थींत रुजतात, तेव्हा त्या दुय्यम वाढीस ‘अस्थिप्रक्षेप’ म्हणतात. फैलावलेल्या फुप्फुस कर्करोगाच्या सु. ३० ते ४० टक्के रुग्णांत ते आढळतात. कशेरुका (मणके), बरगड्या, श्रोणी व ऊर्वस्थीचे वरचे टोक ही त्यांची नेहमीची स्थाने होत. व्यवहारात यास ‘हाडाचा कर्करोग’ म्हणतात, ते बरोबर नाही. या कोशिका फुप्फुसाच्याच असतात. पुणे शहरात १९७३ मध्ये सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीसारख्या नोंदण्यांतही असा रोग मूळ स्थानाखालीच गणला जातो.

स्टीव्हन पॅजेट यांनी १८८९ मध्ये प्रक्षेपास बीज व जमीन यांची उपमा दिली. अस्थींची जमीन सुपीक का, हे पुढे कळले. कर्ककोशिका अस्थी स्वतः पोखरत नाहीत. त्या अस्थिभंजक कोशिकांना चेतवितात आणि झिजणाऱ्या अस्थीतून सुटणारे वृद्धिघटक अर्बुदासच पोसतात. रक्तातील कॅल्शियम वाढल्यास तहान, बद्धकोष्ठता, गुंगी व बुद्धिभ्रम ही लक्षणे उद्‌भवतात.

विश्रांतीने न थांबणारी, विशेषतः रात्रीची वेदना हे प्रमुख लक्षण होय. साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसण्यापूर्वी मणक्यातील सु. ३० ते ५० टक्के खनिजांश नष्ट झालेला असतो. महाराष्ट्रात क्षयरोग अजूनही विपुल असल्याने निदानाची खरी अडचण येथेच आहे. कारण खोकला, वजनातील घट व पाठदुखी दोन्ही रोगांत असतात. मणक्याच्या क्षयात दोन मणक्यांमधील चकती बहुधा लवकर नष्ट होते, प्रक्षेपात ती सामान्यतः शाबूत राहते. तथापि ही खूण निर्णायक नव्हे. थुंकीत जंतू न सापडता केवळ चित्रावरून क्षयाची औषधे चालू ठेवल्यास मोलाचे महिने वाया जातात. ऊतकाचा तुकडा तपासणे हाच निश्चित मार्ग होय.

पाय लुळे पडू लागणे वा लघवी अडणे ही मेरुरज्जू दाबला गेल्याची चिन्हे असून उपचार तातडीने, शक्यतो त्याच दिवशी, सुरू करावे लागतात; चालणे पूर्णपणे थांबल्यावर ते पुन्हा येण्याची शक्यता फार कमी असते. एरवी वेदनाशमनासाठी ८ ग्रे प्रारणाची एकच मात्रा पुष्कळदा पुरते. झोलेड्रॉनिक अम्ल व डेनोसुमॅब यांमुळे अस्थिभंग कमी होतात. मात्र ती सुरू करण्यापूर्वी दात तपासून घेतात, कारण त्यांमुळे क्वचित जबड्याच्या अस्थीचा मृत्यू होतो. [⟶ कर्करोग].