कोमट दूध, थर्मास आणि सोळा तासांचे उड्डाण

मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थेट जाणारे विमान सुमारे १५ ते १६ तास हवेत असते. विमानतळापर्यंतचा प्रवास, तिथल्या तपासण्या आणि उतरल्यानंतरच्या रांगा धरल्या तर पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरापासून तिकडच्या घरापर्यंत एक पूर्ण दिवस सहज जातो. आज अनेक मराठी कुटुंबांतले मुलगा-सून, लेक-जावई परदेशी आहेत. त्यामुळे चार-सहा महिन्यांचे बाळ घेऊन एवढा प्रवास करणे नवलाचे राहिलेले नाही. निघताना घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक सल्ला ठरलेला असतो : दूध कोमट करून थर्मासमध्ये भरून घ्या, म्हणजे बाळाला हवे तेव्हा देता येईल.

हा सल्ला मायेचा आहे. पण दूध नेण्याच्या जितक्या रीती आहेत त्यांत हीच सर्वांत धोक्याची आहे. असे का, हे समजण्यासाठी विमानात चढण्यापूर्वी आपण स्वयंपाकघरातल्या विरजणाच्या भांड्याकडे पाहू.

विरजण आणि दुपटीचे गणित

दही लावताना आपण काय करतो? दूध तापवतो, कोमट होऊ देतो, त्यात चमचाभर विरजण घालतो आणि भांडे उबेला ठेवतो. सहा-आठ तासांत दही लागते. विरजणातून आलेले जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढत जातात. दूध फार गरम असले तर ते मरतात, गार असले तर त्यांची वाढ मंदावते. कोमट दूध मात्र त्यांना मानवते.

दह्याचे जीवाणू आपले मित्र आहेत. पण ऊब आणि पोषण ही काही केवळ मित्रांचीच आवड नाही. प्रयोगशाळेत रोगजंतू वाढवायचे असले तर आम्ही ते पोषक द्रवात घालून ३७ अंश सेल्सिअसच्या उबवणपेटीत ठेवतो. प्रथिने, शर्करा आणि पाणी असलेले दूध हे उत्तम पोषक द्रव आहे, आणि कोमट दुधाने भरलेला थर्मास ही उत्तम उबवणपेटी. फरक इतकाच की या पेटीत कोणते जीवाणू वाढत आहेत याची आपल्याला कल्पना नसते.

आता थोडे गणित करू. बाळांच्या दुधाच्या भुकटीत क्वचित सापडणारा क्रोनोबॅक्टर नावाचा एक जीवाणू आहे. तयार दुधात त्याची संख्या दुप्पट होण्यास २३ अंशांना सुमारे ४० मिनिटे आणि १० अंशांना सुमारे ५ तास लागतात, असे मोजमापांत आढळले आहे. वाणानुसार यात फरक पडतो, आणि सुरुवातीचा काही काळ जीवाणू नव्या परिस्थितीत रुळण्यात घालवतात. पण अंदाज येण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत. समजा, दुधात एकच जीवाणू होता आणि १० तास गेले. १० अंशांना ठेवलेल्या दुधात दुपटी झाल्या दोन, म्हणजे जीवाणू झाले ४. खोलीच्या तापमानाला दुपटी झाल्या १५, म्हणजे जीवाणू झाले ३२,७६८. ३७ अंशांच्या आसपास अनेक जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने ३० दुपटी होतात आणि आकडा १०० कोटींच्या पुढे जातो.

क्रोनोबॅक्टरचा आजार दुर्मीळ आहे. पण झाला तर तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पसरू शकतो. दोन महिन्यांखालील आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. २०२२ साली अमेरिकेत भुकटीच्या एका मोठ्या कारखान्यात हा जीवाणू सापडला, माल परत मागवावा लागला आणि देशभर बाळांच्या दुधाचा तुटवडा पडला. बंद डब्यातली भुकटी निर्जंतुक असते हा समज चुकीचा आहे. ती स्वच्छ असते, निर्जंतुक नसते. मात्र कोरडेपणामुळे तिच्यात जीवाणूंना वाढता येत नाही. पाणी मिसळले की घड्याळ सुरू होते.

दूध नेण्याच्या तीन रीती

यावरून नियम निघतो तो असा : दूध एकतर कोरडे न्यावे, नाहीतर थंडगार न्यावे, कोमट कधीही नेऊ नये.

पहिली आणि सर्वांत सोपी रीत म्हणजे अंगावरचे दूध. ते साठवावे लागत नाही, तापवावे लागत नाही आणि विमान चार तास रखडले तरी बिघडत नाही. पहिले सहा महिने बाळाला याखेरीज काहीच, अगदी पाणीही लागत नाही. विमानातली हवा बरीच कोरडी असते, सापेक्ष आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी. त्यामुळे बाळाला नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे, एवढे पुरते.

काढून ठेवलेले आईचे दूध ही दुसरी रीत. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ते सुमारे ४ तास चांगले राहते. बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्यांसह उष्णतारोधक पेटीत ठेवल्यास २४ तासांपर्यंत चालते. भुकटीच्या तयार दुधाला मात्र खोलीच्या तापमानाला २ तासांचीच मुदत आहे, आणि बाळाने तोंड लावले की तासाभरात उरलेले टाकून द्यावे. आईच्या दुधाला अधिक मुदत का? त्यात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि प्रतिपिंडे असे जीवाणूंना आवर घालणारे घटक असतात. भुकटीच्या दुधाला असा पहारेकरी नाही.

बर्फ इतका उपयोगी का, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सांगता येईल. ५०० ग्रॅम पाणी ० अंशांवरून ५ अंशांवर येताना २,५०० कॅलरी उष्णता शोषून घेते. ५०० ग्रॅम बर्फ नुसता वितळताना, तापमान ० अंशांवरच राहून, ४०,००० कॅलरी शोषतो. म्हणजे सोळापट. पाठ्यपुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. म्हणून पेटीतल्या पिशव्या पूर्ण गोठलेल्या असाव्यात, आणि पेटी वरचेवर उघडू नये.

तिसरी रीत भुकटीची. एकेका वेळेपुरती भुकटी मोजून वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत भरावी. पाणी वेगळे न्यावे आणि दूध ऐन वेळी करावे. थर्मासला इथे योग्य काम मिळते : त्यात कोमट दूध भरायचे नाही, उकळते पाणी भरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या मार्गदर्शनानुसार भुकटीत मिसळायचे पाणी किमान ७० अंशांचे असावे, कारण त्या उष्णतेत भुकटीतला क्रोनोबॅक्टर मरतो. नंतर बाटली गार पाण्याच्या पेल्यात धरून दूध निववावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहून मगच पाजावे. परदेशांत मोठ्या उष्णतेवर निर्जंतुक करून बंद केलेले तयार दूधही मिळते. परतीच्या प्रवासाला ते सोयीचे. मात्र उघडल्यावर त्यालाही वरचेच नियम लागू होतात.

विमानातले पाणी आणि हवेचा दाब

पाणी विमानातलेच घेतले तर? येथे दोन अडचणी आहेत. पहिली, ते टाकीतले असते. अमेरिकेत २००४ साली केलेल्या तपासण्यांत काही विमानांच्या पाण्यात कोलिफॉर्म जीवाणू आढळले होते. पुढे २००९ साली तिथे विमानांतील पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र नियम करावे लागले. दुसरी अडचण भौतिकीची. विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवर उडते. आतला दाब यंत्राने राखलेला असला, तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो. अनेक विमानांत तो सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असेल तितका, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीनचतुर्थांश असतो. अशा दाबाला पाणी १०० अंशांना नव्हे, सुमारे ९२ अंशांना उकळते. ७० अंशांसाठी हे पुरेसे आहे. पण कागदी पेल्यातून आपल्या हाती येईपर्यंत त्यातले किती अंश उरतील याची खात्री नसते. म्हणून सुरक्षा तपासणी ओलांडल्यावर विमानतळावरच्या उपाहारगृहातून थर्मास उकळत्या पाण्याने भरून घ्यावा.

दाबाचा आणखी एक परिणाम बाटलीवर होतो. मुंबईहून महाबळेश्वरला जाताना वेफर्सचे पाकीट फुगलेले पुष्कळांनी पाहिले असेल. बाहेरचा दाब तीनचतुर्थांश झाला की बॉईलच्या नियमानुसार कोंडलेली हवा सुमारे एकतृतीयांशाने अधिक जागा मागते. जमिनीवर घट्ट बंद केलेली बाटली विमानात उघडताना बुचातून दुधाची चिळकांडी उडते ती यामुळे. थर्मासच्या बाबतीत ही चिळकांडी उकळत्या पाण्याची असू शकते. म्हणून तो उभा धरून, बाळापासून दूर, झाकण हळूहळू सैल करत उघडावा.

बाळाच्या कानांचेही असेच. मध्यकर्णातली हवा आणि बाहेरची हवा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका घशात उघडते, आणि गिळताना ती क्षणभर खुली होते. विमान खाली येऊ लागले की बाहेरचा दाब वाढतो, कानाचा पडदा आत ओढला जातो आणि दुखू लागते. मोठी माणसे नाक दाबून फुंकतात, गोळी चघळतात. बाळाला यातले काहीच येत नाही; त्याला फक्त गिळता येते. म्हणून एक दूध उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

वरचे खाणे

सहा महिन्यांपुढच्या बाळाला वरचे अन्न लागते. तिथेही नियम तोच. नाचणीचे सत्त्व, भाजून दळलेले तांदूळ-मुगाचे पीठ असे कोरडे पदार्थ न्यावेत. कच्च्या पिठाची पेज विमानात शिजवता येत नाही. म्हणून ते आधी पूर्ण शिजवून वाळवलेले, नुसते गरम पाणी घालून तयार होणारे असावे. सालासकट केळे हे तर निसर्गाने बांधून दिलेले पाकीट आहे. मऊ भाताचा डबा मात्र टाळावा. तांदळात बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्यातून वाचतात, भात कोमट राहिला की रुजतात आणि उलटी करवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे भात पुन्हा गरम करूनही उपयोग नाही. रडणाऱ्या बाळाला मधाचे बोट चाटवण्याची पद्धतही वर्षाखालील मुलांसाठी घातक आहे. मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे, कारण ते घासून स्वच्छ करता येते. बाटलीच्या बुचात दुधाचा कण अडकून राहतो, आणि तोच पुढच्या दुधाचे विरजण ठरतो.

तपासणीच्या टेबलापाशी

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून उत्तर अमेरिकेकडे जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव नेण्यास बहुतेक देशांत बंदी आली. बाळाचे दूध, त्यासाठीचे पाणी आणि अन्न यांना मात्र प्रवासापुरती सवलत आहे. ते वेगळ्या पिशवीत ठेवून आधीच दाखवावे. बाटली उघडायला सांगितली जाऊ शकते. तपशील देशोदेशी निराळे आहेत. गोठवलेले आईचे दूध अमेरिकेत हातातल्या सामानात चालते, ब्रिटनमध्ये चालत नाही. म्हणून वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम आधी पाहावा. क्ष-किरणांतून गेलेले दूध किरणोत्सारी होत नाही, ही शंकाही विद्यार्थ्यांकडून येते म्हणून सांगून ठेवतो.

उतरल्यावर आणखी एक तपासणी असते, ती गुरांच्या रोगांसाठी. लाळ्या-खुरकुताचे विषाणू दूध-मांसातून पोचू शकतात. ब्रिटनमध्ये २००१ साली या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. म्हणून युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाळाची भुकटी कंपनीच्या बंद वेष्टनात, २ किलोपर्यंत चालते. घरचे तूप-पेढे त्या सवलतीत बसत नाहीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

घरोघरी असलेले दोन-तीन थर्मास वर्गात मागवावेत. उकळते पाणी भरण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. दर तासाला पेलाभर पाणी काढून तापमापीने मोजावे आणि वेळ व तापमान यांचा आलेख काढावा. कोणता थर्मास ७० अंशांच्या वर किती तास टिकतो? अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला यांत फरक पडतो का? दुसऱ्या गटाने एकाच दुधाचे तीन पेले विरजून एक फ्रिजमध्ये, एक खोलीत आणि एक कोमट पाण्यात ठेवावा व दही लागायला किती तास लागले ते टिपावे. दोन्ही गटांच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या, की प्रवासाला निघालेल्या बाळाच्या पिशवीत काय असावे हे मुलेच सांगतील. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी असे बाळ असेल, तर ते त्याच संध्याकाळी उपयोगी पडेल.