ब्राह्मणवेलचा दिवस, बिटकॉइनची दहा मिनिटं

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013पासून चालू आहे. क्षमतेच्या सरासरी 19 टक्के वीज मिळते असं धरलं, तर तिथून दिवसाला सुमारे 5.7 लाख युनिट निघतात. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची क्षमता 528 मेगावॅट सांगितली जाते. 20 टक्क्यांच्या हिशेबाने रोजचे 25 लाख युनिट. वारा पावसाळ्यात जोरात, एरवी मंद. हा वर्षाचा सरासरी आकडा आहे.

आता बिटकॉइन. केंब्रिज विद्यापीठाच्या 2025च्या अहवालानुसार त्याचा वीजवापर वर्षाला सुमारे 13,800 कोटी युनिट आहे. दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचे 500 मेगावॅटचे दोन्ही संच वर्षभर क्षणभरही न थांबता चालले, तरी अशी जवळपास सोळा दीपनगरं लागतील. बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक ‘ब्लॉक’ साधारण दहा मिनिटांनी नोंदला जातो, म्हणजे वर्षाला सुमारे 52,500. भागाकार केला की एका ब्लॉकमागे 26 लाख युनिट येतात. ब्राह्मणवेलचा अख्खा दिवस दहा मिनिटांत संपला. शिवाजीनगरला त्यासाठी साडेचार दिवस लागतील.

तेवढ्याच विजेवर पाच एचपीच्या जवळपास 87,000 मोटारी आठ तास चालतात. थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला आली की कांद्याला पाणी भरायला अंधारात शेतात जावं लागतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचं वजन वेगळं सांगायला नको.

एवढी वीज जाते कुठे? ब्लॉक नोंदण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरची यंत्रं एका आकड्याचा अंदाज बांधत राहतात. ज्याचा अंदाज आधी बसतो त्याला बक्षीस. एप्रिल 2024पासून ते 3.125 बिटकॉइन आहे. यंत्रं वाढली म्हणून ब्लॉक वाढत नाहीत. दर 2,016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, यंत्रांच्या ताकदीनुसार कोडं आपोआप अवघड किंवा सोपं होतं. एकाच विहिरीवर मोटारीमागून मोटारी बसवाव्यात आणि पाणी तेवढंच यावं, तसं हे आहे. यंत्रं कमी विजेत जास्त काम करू लागली, तरी वाचलेल्या विजेवर आणखी यंत्रं जोडली जातात. म्हणून ‘तंत्रज्ञान सुधारलं की खर्च घटेल’ ही आशा मला फोल वाटते.

ही यंत्रं चालवणारे, म्हणजे बिटकॉइनचे ‘खाणवाले’, सांगतात की आमची निम्मी वीज स्वच्छ आहे. केंब्रिजच्या अहवालात अणुऊर्जा धरून तो वाटा 52.4 टक्के येतो. तरीही वर्षाचं उत्सर्जन 3.98 कोटी टन, म्हणजे युनिटमागे सुमारे 290 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं आहे. भारतीय ग्रीडवर एका युनिटमागे 700 ग्रॅमहून जास्त पडतो. हेच काम आपल्या ग्रीडवर आलं, तर धूर जवळपास अडीचपट होईल. आणि ज्या राज्यात दीपनगरचा कोळसा अजून जळतो आहे, तिथे पवनचक्कीची वीज ‘जादा’ म्हणून खाणीला देणं मला पटत नाही. ती ग्रीडवर आली तर तेवढा कोळसा वाचतो.

हा खर्च अटळही नाही. इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाने 15 सप्टेंबर 2022 रोजी ही अंदाजांची शर्यत बंद केली. तिथे आता स्वतःची नाणी तारण ठेवणारे व्यवहार तपासतात. वीजवापर 99.9 टक्क्यांहून जास्त घटला आणि व्यवहार चालू राहिले. बिटकॉइनच्या खाणवाल्यांनी मात्र अशा यंत्रांत पैसा गुंतवला आहे, जी या शर्यतीखेरीज दुसऱ्या कशालाही उपयोगी नाहीत.