धानाचं पान आणि ऑक्सिजन: गैरसमज व वस्तुस्थिती

आसगावकडे, पवनी तालुक्याच्या चौरास भागात, पावसाळ्यात दोन पिकं हातभर अंतरावर उभी दिसतात. बांधीतल्या पाण्यात धान आणि धुऱ्यावर तूर. बांधीत पाणी राहिलं की धान तरारतं. तेच पाणी तुरीच्या बुडाशी काही दिवस तुंबलं, तर तूर पिवळी पडून मान टाकते. यावरून धानाच्या मुळांना हवा लागतच नाही, असं सर्रास समजलं जातं.

लागते. साचलेल्या पाण्याखालच्या मातीतला ऑक्सिजन जिवाणू एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. धान आपली सोय वरून करून घेतं, एवढंच. त्याच्या पानांत, खोडात आणि मुळांत पोकळ वाटा असतात. त्यांतून हवा खाली उतरते. बांधीतून उपटलेल्या चुडाची मुळं धुऊन पाहिली, तर जुन्या मुळांवर तांबूस लेप दिसतो. मुळांतून झिरपलेल्या ऑक्सिजनमुळे मातीतलं लोह गंजतं, त्याचा हा थर. मुळं काळी पडून त्यांना कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला, की रसद तोकडी पडतेय असं समजावं.

पानात मात्र हाच ऑक्सिजन अडचणीचा ठरतो. झाडं ऑक्सिजन सोडतात, म्हणजे तो जितका जास्त तितकं प्रकाशसंश्लेषण जोरात, असं अनेकांना वाटतं. 1920 साली ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला हिरव्या शेवाळात नेमकं उलटं दिसलं: ऑक्सिजन वाढला की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. त्यामागचं कारण 1971 मध्ये उलगडलं. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर ऑक्सिजनलाही धरून बसतं. हवेत ऑक्सिजन 21 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, म्हटल्यावर ही गफलत वारंवार होणारच. ती निस्तरताना ऊर्जा खर्ची पडते आणि आधी बांधलेला थोडा कार्बन परत हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. धान, गहू, तूर, लाखोळी यांच्या कमाईचा साधारण पाव हिस्सा त्यात जातो. ऊन चढलं की हे नुकसान आणखी वाढतं. विदर्भात उन्हाळी धान घेणाऱ्यांसाठी ही काही चांगली बातमी नाही.

प्रयोगशाळेत हवेतला ऑक्सिजन 2 टक्क्यांवर आणला, तर धानाच्या पानाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं. उसाला, मक्याला फारसा फरक पडत नाही, कारण ते रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड आधीच दाटून ठेवतात. ही व्यवस्था धानात आणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला.

  

मग ऑक्सिजन कमी असलेलाच बरा? तसंही नाही. पानात तयार झालेली साखर आपोआप लोंबीत ओघळत नाही. बहुतेक पिकांत ती रसवाहिन्यांत जोर लावून भरावी लागते, आणि शेजारच्या सहपेशी त्यासाठीची ऊर्जा श्वसनातून, म्हणजे ऑक्सिजन वापरून मिळवतात. तुडतुडा सोंड खुपसतो ती याच वाहिनीत. त्याची चिकट विष्ठा ही तिथल्या साखरेचीच खूण. ऑक्सिजन घटला की ही वाहतूक रेंगाळते. तुंबलेल्या तुरीत मुळांची वाढ थांबते, साखरेला गिऱ्हाईक उरत नाही, पानात पिष्ट साचतं आणि मग प्रकाशसंश्लेषणालाही खीळ बसते.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरात भंडारा जिल्ह्यातली धानाची शेतं बुडाली. अशा वेळी पोकळ वाटांची तोंडंच पाण्याखाली जातात. पाण्यात वायू हवेतल्यापेक्षा सुमारे 10 हजार पट संथ पसरतात. त्यात गढूळ पाण्यातून उजेडही पोहोचत नाही. धानाचं पान पाण्यात बुडवलं तर रुपेरी चमकतं. पानाला बिलगलेल्या हवेच्या पातळ थराची ती चमक, आणि त्या थरावर पान काही दिवस निभावून नेतं. बहुतेक वाण मात्र डोकं पाण्याबाहेर काढण्यासाठी भराभर उंच होऊ पाहतात आणि त्यातच साखर संपवून बसतात. ओडिशातल्या एका जुन्या वाणात सापडलेलं सब-1 हे जनुक ही धडपड थांबवतं. ते घातलेलं स्वर्णा सब-1 भारतात 2009 मध्ये प्रसारित झालं. पूर्ण बुडूनही ते दोनेक आठवडे तग धरतं, कारण तेवढे दिवस ते वाढतच नाही. राखून ठेवलेली साखर पाणी ओसरल्यावर नव्या पानांसाठी वापरतं.