परक्या शहरांतील टॅक्सी

आपलीं मुलें आतां शिक्षणासाठीं एकटीं परदेशीं जातात. रात्रीं स्टेशनाबाहेर पडतांच, “गाडी हवी का?” असा गोड प्रश्न कानीं येतो. तेथेंच पाऊल आवरावें.

लंडनचें उदाहरण घेऊं. तेथें रस्त्यावर हात करून थांबवावी ती फक्त ‘ब्लॅक कॅब’. माथ्यावरील ‘टॅक्सी’ या अक्षरांचा दिवा लागलेला असला म्हणजे ती मोकळी समजावी. तिच्या चालकाला सुमारें २५,००० रस्ते पाठ करून ‘नॉलेज’ नांवाची परीक्षा द्यावी लागते. ही प्रथा १८६५ पासूनची.

दुसरी ‘मिनीकॅब’. तिची आगाऊ नोंदणी कायद्यानें आवश्यक आहे, आणि ती निव्वळ उपचार नव्हे. चालक कोण, गाडी कोणती, हें तींत लिहिलेलें राहतें. नोंदणीवांचून बसलेल्या उतारूचा कोठेंच मागमूस राहत नाहीं. अपघात झाल्यास विम्याचें संरक्षणहि बहुधा मिळत नाहीं.

म्हणून गाडी येतांच क्रमांक ताडून पाहावा. “आपण कोणास न्यावयास आलांत?” असें चालकासच विचारावें, आपलें नांव आपण होऊन सांगूं नये. मागें बसावें व गाडीचा क्रमांक घरीं कळवावा. संकोचापायीं भलत्या गाडींत बसण्यापेक्षां चार मिनिटें थांबणें केव्हांहि बरें.