देमारपटांचा स्वस्तपणा आणि जिवाचे मोल

पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला सिनेमाची गोडी लावली ती यात्रा-जत्रांतील तंबूंनी. शिरूर आणि दौंडचा टापूही त्याला अपवाद नव्हता. तंबूत पौराणिक आणि देमार चित्रपटांना हमखास गर्दी होई. त्यांपैकी पौराणिक चित्रपटाला प्रतिष्ठा मिळाली. देमारपटाला मात्र जाणकारांनी कायम पंक्तीबाहेर बसवले. साहजिकच, पडद्यावरच्या त्या उड्या नेमके कोण मारत होते आणि कशा, याची चर्चा फारशी झाली नाही.

या प्रकाराचा पाया मूकपटांच्या काळात घातला गेला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या भूमिकांनी लोकप्रिय झाले आणि १९३१ मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक ठरले. पुढे जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३३ मध्ये मुंबईत वाडिया मूव्हीटोन स्थापन केली. १९३५ मध्ये होमी वाडिया यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हंटरवाली’ झळकला. मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन दुष्टांचा समाचार घेणाऱ्या राजकन्येची ही कथा. नायिका होती नादिया, म्हणजेच ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९०८ मध्ये जन्मलेली आणि सर्कशीत काम केलेली मेरी इव्हान्स. चित्रपट घेण्यास वितरक धजावेनात, तेव्हा निर्मात्यांनीच पुढाकार घेऊन तो प्रदर्शित केला आणि तो तुफान चालला.

साहसदृश्य कसे घडते?

साधारणपणे असे दृश्य तुकड्यांनी चित्रित होते. लांबून घेतलेल्या चित्रणात बदली कलाकार उडी मारतो, जवळून नायकाचा चेहरा टिपला जातो आणि संकलक दोहोंचा सांधा जुळवतो. वेगाचा आभास कॅमेऱ्याने साधतो. सेकंदाला २४ ऐवजी १६ किंवा १८ चौकटी टिपून त्या नेहमीच्या वेगाने दाखवल्या, की रमतगमत जाणारी आगगाडीही भरधाव भासते.

नादियाचे वेगळेपण असे, की बहुतेक साहसे ती स्वतः करी. त्यामुळे चेहरा आणि झेप एकाच चित्रणात दिसत आणि सांधा लपवावा लागत नसे. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मधील आगगाडीच्या टपावरची हाणामारी आजही खरी वाटते ती यामुळेच. दौंडसारख्या जंक्शनवर वाढलेल्यांना डब्याचे छप्पर किती गोलाकार आणि निसरडे असते, हे सांगायला नको. कॅमेऱ्याची युक्ती प्रेक्षकाला फसवते; टपावरून घसरणाऱ्या पायाला नव्हे.

देमारपटाच्या अर्थकारणाचे मर्म येथेच आहे. भव्य देखावे आणि युक्तिचित्रण यांना पैसा लागतो. माणसाचे धाडस त्या मानाने स्वस्त पडते. चित्रपट कमी खर्चात होत असे, कारण उरलेला खर्च कोणाच्या तरी शरीरातून वसूल होई.

नाव कोणाचे?

नादिया नायिका असल्याने तिचे नाव राहिले. तिचे ठोसे खाऊन कोसळणारे, घोड्यावरून फेकले जाणारे मात्र अनामिकच राहिले. ‘शोले’त (१९७५) बसंतीचा टांगा हाकणाऱ्या रेश्मा पठाण यांची ओळख सर्वसामान्य प्रेक्षकाला कित्येक वर्षांनी झाली. टांगा उलटण्याच्या दृश्यात त्या जखमी झाल्या होत्या.

आता चित्र थोडे पालटले आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २०१७ पासून साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाचा गौरव होऊ लागला. ऑस्करनेही या कामासाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला असून, २०२७ मधील चित्रपटांसाठी तो २०२८ मध्ये प्रथमच दिला जाईल. तथापि, हा सन्मान दृश्य रचणाऱ्याचा आहे. पडणारा अद्याप मागेच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंगळूरजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात हेलिकॉप्टरमधून उडी घेण्याचे दृश्य चित्रित होताना दोन कलाकार बुडाले. त्यांच्यासमवेत उडी मारलेला नायक वाचला. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत मोटार उलटवण्याच्या दृश्यात एका स्टंट कलाकाराने प्राण गमावले.

संगणकीय चित्रणाच्या युगात धोका पत्करण्याची गरज कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती कमी होते ती पैसा असेल तेथेच. जेथे तो नसतो, तेथे ‘हंटरवाली’च्या काळातला हिशेब आजही तसाच मांडला जातो.